पाचशेची रेघ

मुंबई-पुण्यात मोठ्या नाटकाच्या पुढच्या रांगांचं तिकीट ५०० रुपयांवर येऊन थांबलंय. काही नाटकांनी ती रेघ ओलांडली, बहुतेकांनी नाही. आमच्या घरात या आकड्यावरून दोन तट आहेत. मावशी गणिताची निवृत्त शिक्षिका. माहेर कुडाळजवळचं, संसार डोंबिवलीत, आणि महिन्याला एक नाटक हा तिचा जुना नेम. तिच्यासमोर माझा थोरला भाऊ. दादा एका नाट्यसंस्थेत व्यवस्थापक आहे. नाट्यगृहाच्या तारखा मिळवणं, जाहिराती देणं, बस-टेम्पो ठरवणं, बुकिंगच्या खिडकीवरचा हिशेब आणि प्रयोगाच्या दिवशी रुसलेल्यांची समजूत, हे सगळं त्याच्याकडे. मी दोघांच्या मध्ये बसून चहा पितो. खालचं बोलणं एका बैठकीतलं नाही, अनेकदा तुटलेलं आणि पुन्हा जोडलेलं आहे. माझा कल मावशीकडे आहे हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला सावध राहता येईल.

मावशी: ५०० रुपये मला परवडतात. पेन्शन आहे, मुलगी न्यू जर्सीत कमावते, माझं काही अडलेलं नाही. पण शाळेत होते तेव्हा मी अख्खा वर्ग घेऊन नाटकाला जायचे. आज चाळीस पोरं न्यायची तर वीस हजार रुपये होतात. कुठली शिक्षिका नेईल?

दादा: शाळेसाठी सवलत माग ना. कुठलाही निर्माता देईल. आम्ही देतो.

मावशी: अरे, मागावी लागते ना पण! ज्याची कुणाशी ओळख आहे तोच मागतो. तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे, भिवंडीच्या शाळेतल्या बाईंकडे आहे का?

दादा: मावशी, लोक मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला शेकड्यांनी मोजतात. तिथे कुणी हूं की चूं करत नाही. नाटकाचं तिकीट पन्नासनी वाढलं की मात्र पत्रं येतात.

मावशी: पॉपकॉर्न नाही खाल्लं तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि तू नाटकाला पॉपकॉर्नच्या रांगेत नेऊन उभं करणार असशील, तर मग दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाची भाषणं करू नका. सांगलीत १८४३ साली भाव्यांनी मराठी नाटक सुरू केलं ते सांगून टाळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी मालाच्या भावाची गोष्ट काढायची, हे जमणार नाही.

पॉपकॉर्नचा मुद्दा दादा प्रत्येक वेळी काढतो आणि प्रत्येक वेळी हरतो. त्याची खरी बाजू याहून बरीच भक्कम आहे, पण तो चिडल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

दादा: बरं, मग माल कसा तयार होतो ते तरी ऐक. प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा होण्याआधीच माझे पैसे गेलेले असतात. नाट्यगृहाचं भाडं, नटांची नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, बॅकस्टेजच्या प्रत्येक माणसाची नाइट, लेखक-दिग्दर्शकांचं मानधन, लाइट आणि साउंडचं भाडं, सेटचा टेम्पो, कलाकारांची बस, पेपरातली जाहिरात, चहा-नाश्ता. प्रेक्षक दोनशे आले काय आणि आठशे आले काय, यातला एक रुपया कमी होत नाही. सिनेमावाला एकदा शूटिंग करतो आणि हजार पडद्यांवर दाखवतो. मला दर शनिवारी तोच सेट पुन्हा ठोकायचा असतो.

हे दुखणं एकट्या दादाच्या संस्थेचं नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं, त्यात याचं कारण नेमकं मांडलं आहे. कारखान्यात यंत्रं सुधारतात, तेवढ्याच तासांत जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढला तरी वस्तू स्वस्त राहू शकते. नाटकात ती सोय नाही. १९७० साली ‘नटसम्राट’ उभं राहिलं तेव्हा बेलवलकरांची शोकांतिका सांगायला जितकी माणसं आणि जितका वेळ लागला, तितकाच आजही लागेल. नाटक निम्म्या वेळात उरकून कार्यक्षमता वाढवता येत नाही. पण बॅकस्टेजच्या माणसाला घरभाडं आजच्या दराने भरायचं असतं आणि डाळ-तांदूळही आजच्याच दराने घ्यायचा असतो. म्हणजे नाटकाचा खर्च इतर वस्तूंपेक्षा वेगाने वाढणार, ही कुणाची लबाडी नव्हे, या धंद्याचा स्वभाव आहे. मी हे मावशीला समजावलं. तिला गणित लगेच पटलं, निष्कर्ष पटला नाही.

मावशी: खर्च वाढतो हे कबूल. पण वाढलेले पैसे जातात कुठे? बॅकस्टेजच्या पोराकडे? २०२०च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा त्यांच्यासाठी मदत गोळा करावी लागली होती. मीही दिली होती. इतकी वर्षं काम करून एवढीसुद्धा शिल्लक नाही?

दादा: नाही. खरं सांगतो, मोठा वाटा चेहऱ्याकडे जातो. मालिकेतला चेहरा घेतला तर बुकिंग उघडल्या उघडल्या प्लॅन भरतो. नवीन नट घेतले तर नाटक कितीही चांगलं असो, लोकांना कळेपर्यंत पंचवीस प्रयोग जातात आणि तोवर निर्मात्याचा दम संपतो. तुम्ही प्रेक्षक चेहरा बघून येता, म्हणून आम्ही चेहरा घेतो.

मावशी: माझ्यावर ढकलू नकोस. मी ‘देवबाभळी’ला कुठला चेहरा बघून गेले होते?

यावर दादा हसला. ‘संगीत देवबाभळी’ हा त्याच्याही अभिमानाचा विषय, आणि दोन बायकांच्या त्या नाटकाचे पाचशे प्रयोग झाले हे त्यालाही ठाऊक आहे. पण व्यवस्थापक अपवादावर तारखा घेत नाही.

आता त्या ५००च्या रेघेबद्दल. तिकीट नेमकं तिथेच का थांबलं, हे मलाही बरेच दिवस कळत नव्हतं. मला वाटायचं, निर्माते प्रेक्षकांना भितात. दादाने खिशातून कागद काढून समजावलं.

दादा: नाटकाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही. आधी ही मर्यादा २५० होती, २०१८च्या जानेवारीत ५०० केली, आणि ती आजही तिथेच आहे. ५००च्या वर एक रुपया गेलास की अख्ख्या तिकिटावर १८ टक्के. वरच्या रुपयावर नाही हां, अख्ख्या रकमेवर.

मावशी: थांब, मी करते. समज तू तिकीट ६०० केलंस, कर धरून. सहाशेला १.१८ने भागायचं. ५०८ रुपये आणि काही पैसे. म्हणजे मी शंभर रुपये जास्त दिले आणि तुझ्या हातात आले आठ?

दादा: आठ! आणि ५९०च्या खालचा कुठलाही दर लावला तर ५००पेक्षाही कमी येतात. ५०१ ते ५८९ हा आमच्यासाठी खड्डाच आहे. एक तर ५०० ठेवा, नाहीतर उडी मारून सातशे-आठशेवर जा. तिथे उडी मारायची हिंमत ज्याच्याकडे चेहरा आहे त्यालाच होते.

मावशी: मग सरकारने वरच्या रकमेपुरताच कर लावला असता तर?

दादा: तर मी उद्या ५४० केलं असतं आणि तू मला शिव्या घातल्या असत्यास.

(दुसरी बाजूही आहे. तिकीट करमुक्त असलं की भाड्यावर आणि जाहिरातीवर निर्मात्याने भरलेला जीएसटी त्याला वजा करून मिळत नाही. करपात्र तिकिटावर तो मिळतो, त्यामुळे खड्ड्याची खोली थोडी कमी होते. पण लहान संस्थेला ही सगळी कागदपत्रं सांभाळणारा माणूस ठेवणं हाही खर्चच. आठ वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली आणि मर्यादा जागची हलली नाही, याचा अर्थ प्रत्येक वर्षी सरकारने काही न करता सवलत थोडी थोडी काढून घेतली. या एका बाबतीत मावशी आणि दादा एका बाजूला आहेत.)

यातून जे घडलं ते मला सगळ्यात जास्त खटकतं. वर जाता येत नाही म्हणून पुढच्या खुर्चीचा भाव अडला, आणि खर्च भरून निघावा म्हणून मागच्या खुर्चीचा भाव त्याच्या जवळ येत गेला. ५००, ४००, ३००. पहिल्या रांगेतून नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेतून चेहराही नीट दिसत नाही. तरी दोन खुर्च्यांत फरक अवघा दोनशेचा. पूर्वी बाल्कनी ही कमी पैसेवाल्यांची हक्काची जागा होती. तिथून पाहून पाहून नाटकवेडे तयार झाले. आता तीही ज्याला तीनशे काढता येतात त्याच्यासाठीच उरली आहे.

मावशी: मी नाटक पहिल्यांदा पाहिलं ते फुकट. गावच्या जत्रेत, दशावतार. गोणपाट टाकून बसायचं, झोप आली की आजीच्या मांडीवर, आणि राक्षस आला की सगळी पोरं खडबडून जागी. कुणी तिकीट विचारलं नाही.

दादा: फुकट नव्हतं ते मावशी. मंडळीला पैसे देवस्थान द्यायचं, गाव द्यायचं. नटाने रात्रभर उभं राहायचं ते काही पुण्य मिळवायला नव्हे. पैसे कुणीतरी देतच असतो. प्रश्न एवढाच की तो तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलाय की देवळाच्या विश्वस्तांत बसलाय.

मावशी: बरोबर. मग आजचं देवस्थान कुठे आहे ते सांग.

या प्रश्नाने दादा क्षणभर गप्प झाला, मग त्याने मोर्चा विदर्भाकडे वळवला. तिकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांवर त्याचा फार जीव. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा भातशेतीचा पट्टा. वडशाला नाट्यकंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि दिवाळीनंतर गावोगावची मंडळं तिथे येऊन प्रयोग ठरवून जातात. मंडप गाव घालतं, तिकीट गाव विकतं, कंपनीला ठरलेली रक्कम मिळते. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल त्या गावी तर पाहुण्यांनी घरं भरून जातात. मुली दाखवण्याचे कार्यक्रम आणि सोयरिकीही त्याच मुक्कामात उरकतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबईतल्या पुष्कळांना पहिल्यांदाच कळलं की पलीकडे केवढा मोठा धंदा उभा आहे.

दादा: तो काही श्रीमंत मुलूख नाही. तरी तिकीट काढून मंडप भरतात. म्हणजे प्रश्न पैशांचा नाही, हौसेचा आहे. डोंबिवलीकर मोबाइलला महिन्याला पैसे मोजतो, घरबसल्या मालिका बघतो आणि नाटक महाग म्हणतो.

मावशी: तू माझाच मुद्दा सांगतोयस. तिथे नाटक त्यांच्या दारात येतं. सावकार आणि त्याचा गडी एकाच मंडपात बसतात, एक पुढे, एक मागे, आणि दोघांच्या तिकिटात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मला दादरला यायचं तर गाडीचं तिकीट, उशीर झाला तर रात्रीची रिक्षा, मध्यंतरात वडा आणि चहा. आम्ही चौघं आलो तर तीन हजारांची सुट्टी. वर ॲपवर तिकीट काढलं तर त्याची फी निराळी, आणि त्या फीवरही कर.

दादा: म्हणून तर प्रशांत दामल्यांनी नाटकांसाठी ‘तिकिटालय’ काढलं. नाटकवाल्यांचं स्वतःचं काहीतरी हवंच होतं. आणि खिडकी अजून उघडी असते बरं का.

मावशी: उघडी असते, पण प्लॅनवर चांगल्या खुर्च्या आधीच लाल झालेल्या असतात. त्यातल्या किती विकलेल्या आणि किती पासवाल्यांच्या?

हा प्रश्न दुखरा. पासांविषयी दादा मोकळेपणाने बोलतो, फक्त नावं घेत नाही. अमुक कार्यालयातले साहेब, तमुक समितीचे सदस्य, त्यांचे मेव्हणे. नाही म्हटलं तर पुढच्या तिमाहीच्या तारखांवर परिणाम होईल ही भीती. माझ्या मते तिकिटाच्या न्याय-अन्यायाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. ज्याला ५०० सहज परवडतात तो फुकट पुढे बसतो आणि ज्याने ५०० मोजले तो त्याच्याही वाट्याचे भरतो. यात बॉमोलसाहेबांचा काही संबंध नाही.

मावशी: आणि नाट्यगृह कुणाचं रे? आमच्या महापालिकेचं. बांधलं आमच्या करातून, दुरुस्ती आमच्या करातून. नव्या नाटकांना सरकार प्रयोगामागे अनुदान देतं तेही आमच्याच पैशांतून. मग त्या इमारतीत निदान काही खुर्च्या अशा हव्यात की नाही, ज्या कुणाच्याही आवाक्यात असतील? राज्य नाट्य स्पर्धेत अगदी थोडक्या पैशांत नाटक बघता येतं. तिथे येतं की नाही पब्लिक?

दादा: येतं, कधी कधी. कधी परीक्षक आणि नटांचे नातेवाईकच असतात. स्वस्त केलं की गर्दी होते हा गैरसमज आहे. आणि महापालिकेचं म्हणशील तर एसी बंद, स्वच्छतागृहात पाणी नाही, आणि ऐनवेळी कुणाचा तरी कार्यक्रम आला की आमची तारीख रद्द. काही नाट्यगृहांत तर तिकिटाचा वरचा दर एका आकड्यापलीकडे गेला की भाडंच वाढतं. हे स्वस्ताई राखायला केलं म्हणे. होतं उलटंच. पुढची खुर्ची महाग करून मागची स्वस्त करावी म्हटलं तरी करता येत नाही.

मावशी: पूर्वी करायचे. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले तेव्हा तिकीट शंभर रुपयांपर्यंत गेलं होतं म्हणतात. त्या काळचे शंभर!

दादा: बघ, तूच सांगतेस. महाग तिकीट ही काही आजची गोष्ट नाही.

मावशी: टिळक स्वराज्य फंडासाठी होतं ते. देणगी होती. आणि वर जास्त देणारे असले की खालचे दरही ठेवता येतात. माझी लेक सांगते, ब्रॉडवेवर ‘हॅमिल्टन’चं सगळ्यात महाग तिकीट २०१६ साली ८४९ डॉलर केलं, तेव्हाच लॉटरीतून १० डॉलरला मिळणाऱ्या खुर्च्या २१वरून ४६ केल्या. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००३ साली १० पौंडांचा हंगाम सुरू केला, पैसे एका परकीय चलनाच्या कंपनीने घातले. तू मघाशी गप्प बसलास ना देवस्थान विचारल्यावर? हे घे, तिथलं देवस्थान.

दादा: ८४९ डॉलर देणारा पर्यटक मी डोंबिवलीत कुठून आणू?

मावशी: ८४९ कोण मागतंय? ७५० रुपये म्हण. कागद दे इकडे.

पुढचं सगळं तिने दादाच्याच कागदाच्या पाठीमागे लिहिलं. शिकवताना लिहायची तसंच, एका ओळीखाली एक. पुढच्या दोन रांगा, ६० खुर्च्या, कर धरून ७५० रुपये. १.१८ने भागले की ६३५ हातात येतात, म्हणजे आजच्यापेक्षा प्रत्येकी १३५ जास्त. साठ खुर्च्यांचे ८,१००. मागच्या ४० खुर्च्या ३००ऐवजी १००ला दिल्या तर तोटा ८,०००.

मावशी: शंभर रुपये तुला उरतातच. आणि त्या मागच्या चाळीस रोज भरतात का? खरं सांग.

दादा: शनिवार-रविवार सोडून? नाही.

मावशी: म्हणजे निम्म्या वेळा तोटासुद्धा नाही.

दादा: कागदावर ठीक आहे. पण ७५०वाला म्हणेल, खुर्ची मोडकी आणि पैसे एवढे! भाडं वाढेल ते निराळं. आणि ३०० देणारा शहाणा असेल तर तोही १००च्या खुर्चीत जाऊन बसेल. माझी मधली फळीच कोसळेल.

मावशी: म्हणून १००ची तिकिटं ॲपवर टाकायचीच नाहीत. प्रयोगाच्या दिवशी खिडकीवर, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र दाखवून. आणि नाट्यगृहवाल्यांशी भाड्याचं बोलायला निर्माता संघ आहे ना तुमचा? की तो फक्त सत्कारांना?

दादा: दीडशे ठेवू.

मावशी: शंभर. आणि रिक्षावाल्याच्या पोराकडे ओळखपत्र नसेल तर शाळेची वही चालेल.

दादा: चाळीस नाही जमणार. वीस. तेही आधी बुधवारच्या प्रयोगाला, निर्मात्याशी बोलून.

मावशी: तीस. बुधवार चालेल. निर्मात्याला सांग, पहिल्या बुधवारी तीसच्या तीस मी भरून देते. भिवंडीच्या त्या बाईंचा नंबर आता माझ्याकडे आहे.